मागील आंसाचीं बेअरिंगें



चाकाची थोरवी आपण सगळेच गातों. परंतु चाक ज्याच्या जोरावर हलकें फिरतें त्या वस्तूकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. बैलगाडीच्या आंसाला वंगण घातलें नाहीं तर गाडी दोन कोसांतच कुरकुरूं लागते, हें आपल्या वाडवडिलांना पक्कें ठाऊक होतें. म्हणून वंगणाची नळी गाडीबरोबरच प्रवासाला निघत असे. आजच्या यांत्रिक वाहनांत ही कुरकुर ऐकूं येत नाहीं, याचें श्रेय बेअरिंग नांवाच्या एका लहानशा पोलादी जोडणीला आहे. तें झिजलें आहे हें ओळखावें कसें, तें कां झिजतें, आणि बदलतांना कोणती काळजी घ्यावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरणासाठीं मी वाळूंतून व चिखलांतून धांवणारी चौचाकी ए. टी. व्ही. घेतली आहे, आणि तिच्यांतहि तिचा मागचा आंस. ज्यांच्या घरीं असें वाहन नाहीं त्यांनीं हा विषय परका मानूं नये. आपल्या डोक्यावर फिरणारा विजेचा पंखा, कपडे धुण्याचें यंत्र, मुलांची सायकल, हीं सारीं याच तत्त्वावर चालतात, आणि बहुधा याच कारणांनीं बिघडतात.

प्रथम या वाहनाची थोडी ओळख करून घेऊं. घोड्यावर मांड टाकावी तसें ए. टी. व्ही.वर बसावयाचें, आणि मोटरसायकलीप्रमाणें मुठी धरून तिला वळवावयाचें. टायर रुंद व मऊ असतात. मोटारीच्या टायरांत दर चौरस इंचास तीस पौंडांच्या आसपास दाब असतो. या गाडीला पुष्कळदां चार-पांच पौंड पुरतात. त्यामुळें ती वाळूंत रुतत नाहीं. जपानच्या होंडा कंपनीनें १९७० सालीं अमेरिकेंत अशी तीन चाकांची गाडी विक्रीस आणली. पुढें १९८२ सालीं सुझुकी कंपनीनें चार चाकांची गाडी काढली. तीनचाकी गाडी वळणावर सहज कलंडे. अपघात वाढले, आणि १९८८ सालीं अमेरिकेच्या सरकारशीं झालेल्या करारानें उत्पादकांनीं नव्या तीनचाकी गाड्या विकणें थांबविलें. चौचाकी मात्र टिकली. न्यूझीलंडमधील मेंढपाळ आज कळपामागें घोड्याऐवजीं पुष्कळदां हीच गाडी घालतात. आणि आपल्याकडे अलिबागजवळच्या नागांवच्या किनाऱ्यावर हौशी प्रवाशांना ती भाड्यानें मिळते.

आतां बेअरिंग म्हणजे काय तें पाहूं. एकांत एक बसणारीं दोन पोलादी कडीं कल्पावीं. आंतल्या कड्याच्या पाठीवर एक गोल खांच आणि बाहेरच्या कड्याच्या पोटांत तशीच दुसरी खांच. या दोन खांचांच्या मध्यें पोलादाच्या गुळगुळीत गोळ्या बसविलेल्या असतात, आणि त्या एकमेकींवर घांसूं नयेत म्हणून त्यांना एका पातळ पिंजऱ्यांत अंतराअंतरानें ठेविलेलें असतें. आंतलें कडें आंसाबरोबर फिरतें, बाहेरचें स्थिर राहतें, आणि मधल्या गोळ्या गडगडत जातात. ओढून नेण्यास जड असलेला पिंप आडवा करून लोटला म्हणजे सहज जातो, तोच हा न्याय.

चाकासाठीं ही युक्ति फार पूर्वींपासून वापरांत आहे. वेल्समधील कारमार्थन येथील फिलिप व्हॉन यानें १७९४ सालीं घोडागाडीच्या आंसांत गोळ्या बसविण्याचें पेटंट घेतलें. १८६९ सालीं पॅरिसच्या झ्यूल स्यूरिरे यानें सायकलीसाठीं अशीं बेअरिंगें केलीं, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबर महिन्यांत जेम्स मूर यानें तीं बसविलेल्या सायकलीवर पॅरिस ते रूआं ही शर्यत जिंकली. मात्र सर्व गोळ्या अगदीं सारख्या मापाच्या झाल्याशिवाय खरें काम भागत नाहीं. कारण एक गोळी तिळभर मोठी असली तर सारा भार तिच्यावरच पडतो. ती अडचण जर्मनींतील श्वाइनफुर्ट गांवच्या फ्रीड्रिख फिशर यानें १८८३ सालीं गोळ्या घांसण्याचें यंत्र काढून दूर केली. पुढें त्या गांवाची योग्यता एवढी वाढली, कीं १९४३ सालीं अमेरिकन विमानांनीं ऑगस्ट व ऑक्टोबर महिन्यांत तेथील बेअरिंगांच्या कारखान्यांवर मोठे हल्ले चढविले, आणि त्यांत आपलीं कित्येक विमानें गमावलीं. बेअरिंग नाहीं तर रणगाडा नाहीं आणि विमानहि नाहीं, हें दोन्ही पक्ष जाणून होते.

आपण पुन्हां आपल्या गाडीकडे येऊं. कित्येक ए. टी. व्ही. गाड्यांत मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच लांब व सलग पोलादी आंस असतो. तो मध्यभागीं एका भक्कम नळकांड्यांतून जातो. कारागीर त्याला हौसिंग म्हणतात. आपण त्याला बेअरिंगाचें घर म्हणूं. घराच्या दोन टोंकांशीं एकेक बेअरिंग, त्या दोहोंच्या मध्यें अंतर राखणारी एक पोलादी नळी, आणि बाहेरच्या दोन्ही तोंडांशीं धूळ व पाणी अडविणारें रबरी सील, अशी ही मांडणी असते. घराबाहेर एका अंगाला साखळीचें दंतचक्र आणि बहुधा दुसऱ्या अंगाला ब्रेकची तबकडी, हीं दोन्ही त्याच आंसावर बसविलेलीं असतात. म्हणजे गाडीचा मागचा भार, एंजिनाची ओढ आणि ब्रेकचा दाब या तिहींचा हिशेब त्या दोन लहान कड्यांना द्यावा लागतो. हें चित्र श्रोत्यांनीं मनांत धरून ठेवावें. पुढचें सारें त्यांतूनच उलगडणार आहे.

चांगलें बेअरिंग निव्वळ म्हातारपणानें क्वचितच मरतें. भाराचा नियम मात्र कडक आहे: गोळ्यांच्या बेअरिंगावरील भार दुप्पट झाला, तर त्याचें अपेक्षित आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतें. म्हणून एकाच्या गाडीवर तिघांनीं बसणें किंवा साखळी तारेसारखी ताणून ठेवणें, हें बेअरिंगाच्या आयुष्यांतूनच वजा होतें. परंतु याहून मोठा शत्रु पाणी. दिवसभर धांवून घर तापलेलें असतें व आंतील हवा प्रसरण पावलेली असते. अशी गाडी एकाएकीं ओढ्याच्या थंड पाण्यांत घातली म्हणजे आंतील हवा आकसते, आणि सीलच्या कडेनें पाणी आंत ओढलें जातें. जोराच्या फवाऱ्यानें गाडी धुतली तरी तोच परिणाम. फवारा नेमका सीलवर धरला तर पाण्याबरोबर बारीक वाळूहि आंत जाते. समुद्राच्या पाण्यानें तर दुहेरी हानि होते, कारण मीठ पोलादाला गंज चढवितें आणि गंजाचे कण पुन्हां वाळूसारखेच कांचतात. आरशासारख्या गुळगुळीत खांचेंत एकदां खड्डा पडला, कीं प्रत्येक गोळी त्यावरून जातांना ठोका देते आणि खड्डा वाढतच जातो.

झीज ओळखण्यास मोठीं उपकरणें लागत नाहींत. कान आणि हात पुरतात. गाडी सपाट जागीं उभी करावी, पुढच्या चाकांना पाचरी लावाव्या आणि मागील भाग उचलून भक्कम घोडीवर ठेवावा. मग मागचें एक चाक वर व खालीं अशा दोन ठिकाणीं धरून आपल्याकडे व पलीकडे हलवून पाहावें. चाक खडखडलें तर लगेच बेअरिंगावर दोष ठेवूं नये. चाकाचा तुंबा आंसाच्या दांतांवर सैल झाला असला तरीहि चाक हलतें. म्हणून दुसऱ्या मनुष्यानें घराच्या तोंडाशीं आंसावर बोट ठेवावें. चाकाबरोबर तेथें आंसहि हलत असेल, तर बेअरिंग गेलें असें समजावें. नंतर साखळी उतरवून आंस हातानें फिरवावा आणि दुसरा तळवा घरावर टेकावा. निरोगी बेअरिंग मुकाट्यानें फिरतें; झिजलेलें जात्यासारखें घरघरतें, आणि ती घरघर कानाला ऐकूं येण्यापूर्वींच हाताला जाणवते. सीलच्या कडेनें तांबूस चिकट द्रव गळत असेल, तर आंतील ग्रीस धुऊन जाऊन गंज धरला आहे याची ती साक्ष होय.

येथें कोणी म्हणेल, थोडें हललें तर काय बिघडलें? पुष्कळ बिघडतें. आंस डुलूं लागला कीं त्यावरची ब्रेकची तबकडीहि डुलते आणि ब्रेकच्या गाद्यांना धक्के देऊन मागें सारते. मग चालक ब्रेक दाबतो तेव्हां पहिली दाब त्या गाद्या पुन्हां जागेवर आणण्यांतच फुकट जाते. उतारावर त्या एका क्षणाची किंमत फार मोठी असूं शकते. तसेंच साखळी वांकडी चालून दंतचक्राचे दांत खाते, आणि केव्हां केव्हां चालत्या गाडीतच निसटते. शेवटीं आंतलें कडें अडकून आंसच त्याच्या पोटांत घांसत फिरूं लागतो. असें झालें म्हणजे थोडक्या पैशांचें काम आंस आणि घर या दोन महागड्या वस्तूंवर जाऊन पोंचतें. म्हणून घरघर प्रथम जाणवतांच बेअरिंग बदलावें, यांत जिवाचें रक्षण आहे आणि काटकसरहि आहे.

बदलण्याचा क्रम असा. आंसावरचे मोठे नट अतिशय घट्ट बसविलेले असतात. म्हणून चाकें जमिनीवर असतांनाच, ब्रेक दाबून धरून, ते ढिले करून घ्यावे. नंतर गाडी घोडीवर चढवावी. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखालीं कोणीं कधींहि हात घालूं नये. चाकें व तुंबे काढावे. ब्रेकचा जबडा सोडवून तारेनें सांगाड्याला बांधावा, त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवूं नये. साखळी उतरवून आंस कोणत्या बाजूनें निघतो तें त्या गाडीच्या पुस्तिकेंत पाहावें. आंस ठोकतांना पोलादी हातोडा थेट टोंकावर मारला तर आटे फुलतात आणि नट पुन्हां चढत नाहीं. टोंकावर जुना नट फिरवून ठेवावा आणि नायलॉनच्या किंवा लाकडी हातोड्यानें ठोकावें.

आंस निघाला म्हणजे प्रथम सीलें उपटून काढावीं. तीं पुन्हां वापरावयाचीं नाहींत. मधली नळी लांब सळईनें किंचित बाजूला सरकवावी, म्हणजे पलीकडच्या बेअरिंगाच्या आंतल्या कड्याची कड उघडी पडते. त्या कडेवर सळई टेकून एक ठोका इकडे, एक समोरच्या अंगाला, असें चारी बाजूंनीं ठोकीत जावें. एकाच बाजूनें ठोकलें तर बेअरिंग तिरपें होऊन घराच्या भिंतीला ओरखडे काढतें. दोन्ही बेअरिंगें एकदमच बदलावीं. दोघांनीं पाणी सारखेंच प्यालेलें असतें.

नवें बेअरिंग आणतांना जुन्यावरील क्रमांक वाचावा. उदाहरणार्थ ६००७ या क्रमांकाचे शेवटचे दोन आंकडे पांचांनीं गुणले, कीं भोंकाचा व्यास ३५ मिलिमीटर मिळतो. हा नियम ०४ पासून पुढें लागू पडतो. त्याखालचीं मापें ठराविक आहेत, जसें ०२ म्हणजे १५ मिलिमीटर. आपल्याकडील छताच्या पंख्यांत ६२०२ हें बेअरिंग पुष्कळदां आढळतें, त्याचें भोंक १५ मिलिमीटरांचें असतें. क्रमांकापुढील '२ आर. एस.' या अक्षरांचा अर्थ दोन्ही बाजूंस रबरी झांकणें आहेत असा, आणि 'सी ३' याचा अर्थ आंतील मोकळीक नेहमींपेक्षां थोडी अधिक आहे असा. नामांकित कंपन्यांच्या नांवांखालीं नकली मालहि बाजारांत येतो. तेव्हां दोन पैसे जास्त पडले तरी विश्वासाच्या दुकानांतूनच खरेदी करावी. नवें बेअरिंग धुऊं नये. त्यांतील ग्रीस कारखान्यांतच मोजून भरलेलें असतें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आजच्या भाषणांतलें एकच वाक्य लक्षांत राहणार असेल तर तें हें असावें: जें कडें घट्ट बसतें त्याच कड्यावर जोर द्यावा. बेअरिंग घरांत बसवितांना बाहेरचें कडें घट्ट जातें, म्हणून दाब बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे. आंसावर चढवितांना आंतलें कडें घट्ट जातें, तेव्हां दाब आंतल्या कड्यावर. हा नियम मोडून घरांत बसवितांना आंतल्या कड्यावर ठोके घातले, तर प्रत्येक ठोका गोळ्यांमधून बाहेरच्या कड्याकडे जातो आणि खांचेंत गोळ्यांचे बारीक ठसे उमटतात. ते डोळ्यांना दिसत नाहींत. बेअरिंग नवें कोरें दिसतें, परंतु थोड्याच दिवसांत तें घरघरूं लागतें आणि मालक दुकानदाराला दोष देतो. वास्तविक त्याचा मृत्यु बसवितांनाच ओढवलेला असतो. यावर सोपा उपाय म्हणजे बाहेरच्या कड्याएवढ्या व्यासाची नळी घेऊन तिच्यावर ठोकणें. जुन्या बेअरिंगाचें बाहेरचें कडें पाठीवर किंचित घांसून सैल केलें, तर तेंहि या कामीं उत्तम येतें.

ठोकण्याचे श्रम निसर्गाकडूनहि हलके करून घेतां येतात. घर अ‍ॅल्युमिनियमचें असेल, तर ६२ मिलिमीटर व्यासाचें भोंक ६० अंश सेल्सिअसनें तापविल्यास सुमारें ०.०८ मिलिमीटरनें रुंदावतें. बेअरिंग रात्रभर बर्फाच्या कप्प्यांत ठेवून ४५ अंशांनीं थंड केलें, तर तें सुमारें ०.०३ मिलिमीटरनें आकसतें. दोहोंची बेरीज एक दशांश मिलिमीटरहून अधिक होते, आणि एवढी सवलत पुष्कळदां पुरेशी असते. बेअरिंग जवळजवळ हातानेंच जागेवर जातें. घराला उघड्या ज्वाळेऐवजीं गरम हवेनें तापवावें. बेअरिंग मात्र तापवूं नये, कारण आंतील ग्रीस व रबर यांना उष्णता सोसत नाहीं. बर्फांतून काढल्यावर त्यावर दंव जमेल, तें कोरड्या फडक्यानें टिपून घ्यावें.

एक बेअरिंग पूर्ण तळाशीं बसलें म्हणजे मधली नळी घालावी आणि मगच दुसरें बेअरिंग बसवावें. तें त्याचें आंतलें कडें नळीला टेकेपर्यंतच न्यावें, त्यापुढें नाहीं. ही नळी पाहून कित्येकांना ती निरुपयोगी वाटते. कोणी ती विसरतात, कोणी आंत तिरपी सोडतात. तिचें काम असें, कीं बाहेरचे मोठे नट आवळल्यावर त्यांचा प्रचंड दाब दोन आंतल्या कड्यांमधून या नळीवर उतरतो. नळी नसली तर तो दाब कड्यांना एकमेकांकडे ओढतो आणि गोळ्या खांचेच्या कडेवर चढून चिरडल्या जातात. दुसरें बेअरिंग बसल्यावर दोन्ही आंतलीं कडीं बोटानें फिरवून पाहावीं. तीं सहज फिरत नसतील तर पुढें जाऊं नये. त्यानंतर नवीं सीलें त्यांच्या ओठांवर थोडें ग्रीस लावून बसवावीं.

आंस परत घालण्यापूर्वीं बेअरिंगाची त्यावरील बैठक नीट पाहावी. तेथें बोटाला पायरी लागत असेल, तर जुनें कडें आंसावर फिरून त्यानें आंस खाल्ला आहे. अशा वेळीं कांहीं कारागीर आंसावर पंचानें टोंचे मारून बैठक फुगवितात आणि तीवर नवें बेअरिंग ठोकून घट्ट करून देतात. हा घट्टपणा केवळ त्या टोंच्यांच्या टोंकांवर असतो. थोड्याच दिवसांत टोंकें चेपतात आणि मूळचा रोग परत येतो. झिजलेला आंस बदलावा, किंवा चांगल्या कारखान्यांत बैठक भरून पुन्हां मापांत कातून घ्यावी. घराच्या भोंकालाहि हाच न्याय लागू आहे.

शेवटीं नट पुस्तिकेंत सांगितलेल्या मापानें टॉर्क पान्यानें आवळावे. साखळीला सांगितला आहे तेवढाच ढिलेपणा ठेवावा. गाडी हलविण्यापूर्वीं ब्रेक दोन-चार वेळां दाबून गाद्या तबकडीपर्यंत आल्या आहेत याची खात्री करावी. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हां तपासावे, कारण नवे भाग एकमेकांत बसतांना किंचित सैल पडतात. मग जुनें बेअरिंग फेंकून देण्यापूर्वीं त्याचें एक झांकण उघडून आंत डोकवावें. आंत तांबडा चिखल असेल, तर पाणी शिरलें. तेव्हां गाडी धुण्याची रीत बदलावी. खांचेंत समान अंतरावर ठसे असतील, तर बसवितांना अन्याय झाला. एकाच अंगाची खांच खाल्लेली असेल, तर मधल्या नळीकडे किंवा साखळीच्या ओढीकडे संशयानें पाहावें. हें कारण शोधून काढलें नाहीं, तर नवीं बेअरिंगेंहि त्याच वाटेनें जातील आणि पुढच्या पावसाळ्यांत हेंच काम पुन्हां करावें लागेल.

घरांतला पंखा घरघरूं लागला, कीं आपण पुष्कळदां रेगुलेटर कमी करून वेळ मारून नेतों. यापुढें तो आवाज ऐकूं आला म्हणजे श्रोत्यांनीं त्याच्यांत पोलादी खांचेवरचा एक लहानसा खड्डा ओळखावा आणि तो वाढण्यापूर्वीं कारागिराला बोलवावें. आणि कारागीर नवें बेअरिंग बसवीत असतां, तो कोणत्या कड्यावर ठोकतो आहे तेवढें जवळ उभें राहून अवश्य पाहावें.